आम्ही आणि आपण : सामायिक भावना कशा जुळतात, कशा फिरतात

मराठीत ‘मी’च्या अनेकवचनाला दोन शब्द आहेत. ‘आम्ही निघतो’ असे म्हटले की ऐकणारा दारात उभा राहून निरोप देतो. ‘आपण निघू’ म्हटले की तोच माणूस पायांत चपला सरकवतो. ‘आम्ही’मध्ये समोरचा बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये आत येतो. इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये हा फरक एका शब्दाने दाखवता येत नाही. समाजात आणि राजकारणात भावना नेमके काय काम करतात, हे समजून घेताना हे दोन शब्द जवळ ठेवावेत. या विषयातला बराचसा गुंता त्यांनी सुटतो, असे मला वाटते.

‘देशावर शोककळा पसरली’, ‘समाजात संतापाची लाट उसळली’, ‘लोकांमध्ये भीतीचे वातावरण आहे’ ही वाक्ये आपण रोज वाचतो. पण देशाला काळीज नसते आणि समाजाच्या डोळ्यांना पाणी येत नाही. भावना होतात त्या एकेका माणसाच्या देहात. छाती तिथेच धडधडते, घसा तिथेच दाटून येतो. मग शोक ‘देशाचा’ कसा होतो? लाखो माणसांना एकाच वेळी वाईट वाटले, एवढाच त्याचा अर्थ आहे का? पाऊस सुरू झाला की रस्त्यावरचे सगळेच एकदम छत्र्या उघडतात. ते एकाच वेळी तेच करतात, पण मिळून काहीच करत नाहीत.

जर्मन तत्त्वज्ञ माक्स शेलर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावर एक उदाहरण दिले आहे, ते विसरता येत नाही. आई आणि वडील आपल्या मृत मुलाजवळ उभे आहेत. आईचे एक दुःख आणि वडिलांचे दुसरे, अशी ती दोन दुःखे नाहीत. आईला वाईट वाटते म्हणून वडिलांना वाईट वाटते, असेही नाही. दोघांचे मिळून ते एकच दुःख आहे आणि दोघांनाही तसे ठाऊक आहे. तेवढ्यात एक मित्र येतो. त्यालाही वाईट वाटते, पण त्याला वाईट वाटते ते या दोघांसाठी. ती सहानुभूती झाली. याहून वेगळी गोष्ट आणखी एक आहे. हसतखेळत बसलेल्या मंडळींत एखादा उदास माणूस जाऊन बसतो आणि थोड्या वेळाने तोही हसू लागतो. का हसतो आहे हे त्याला सांगता येणार नाही. त्याला हसू लागले, जसा ताप लागतो तसे. हा भावनेचा संसर्ग.

संसर्ग, सहानुभूती आणि सामायिक भावना या तिन्ही गोष्टी रोजच्या बोलण्यात एकमेकींत मिसळतात. शेतजमीन सामायिक असते किंवा दोन घरांमधली भिंत सामायिक असते, तेव्हा ती कोणा एकाची नसते आणि तिच्यावर प्रत्येकाचा हक्क असतो. सामायिक भावनेचेही तसेच आहे. ‘मला राग आला’ यापेक्षा ‘आपल्याला राग आला’ हे वेगळे आहे, कारण त्या वाक्यात भावनेबरोबर एक ‘आपण’ही तयार होतो. बऱ्याचदा तर आधी भावना येते आणि मागाहून ‘आपण’ घडतो.

देहापासून सुरुवात

हे कसे घडते याचा धागा थेट शरीरात सापडतो. स्पेनमधल्या सान पेद्रो मानरिके या छोट्या गावात जूनमधल्या एका रात्री लोक धगधगत्या निखाऱ्यांवरून अनवाणी चालतात. काही संशोधकांनी तिथे चालणाऱ्यांच्या आणि बघणाऱ्यांच्या छातीला हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रे लावली. २०११ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निखाऱ्यांवर चालणाऱ्याच्या ठोक्यांचा चढउतार आणि कडेला बसलेल्या त्याच्या नातेवाइकांच्या, स्नेह्यांच्या ठोक्यांचा चढउतार एकमेकांशी जुळत होता. नातेवाईक तर जागचे हललेही नव्हते. बाहेरून आलेले, ओळख नसलेले प्रेक्षकही तेच दृश्य बघत होते, पण त्यांचे ठोके तसे जुळले नाहीत.

मला यातला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. डोळ्यांसमोरचे दृश्य सगळ्यांना सारखेच होते. फरक पडला तो नात्यामुळे. म्हणजे भावना हवेतल्या विषाणूसारखी दिसेल त्याला लागत नाही. चालणारा माणूस आपला आहे की नाही, हे हृदयाने आधीच ठरवून ठेवलेले असते.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १९१२ साली याची दुसरी बाजू मांडली. लोक एकत्र येतात, एका तालात नाचतात, गातात, ओरडतात, तेव्हा एकट्याने कधी अनुभवली नसेल अशी शक्ती त्यांना अंगात जाणवते. त्या अवस्थेला आपण सामूहिक उधाण म्हणू. दुर्खीम यांचे म्हणणे असे की, ही शक्ती लोकांना बाहेरून आल्यासारखी वाटते, म्हणून ते ती एखाद्या चिन्हावर, ध्वजावर, मूर्तीवर ठेवतात. उधाण ओसरते, चिन्ह मागे उरते. पुढे ते चिन्ह नुसते पाहिले तरी त्या दिवसाची थोडी ऊब परत येते. कापडाच्या तुकड्याचा अपमान झाला म्हणून माणसे जिवावर उदार का होतात, हे कोडे इथे बऱ्यापैकी उलगडते. ते त्या कापडासाठी भांडत नसतात. एकमेकांबरोबर असण्याची जी आठवण त्यात साठवलेली असते, तिच्यासाठी भांडत असतात.

आपल्याकडच्या रसशास्त्राने हाच प्रश्न नाटकाच्या प्रेक्षागृहात विचारला होता. रंगमंचावरचा शोक त्या पात्राचा असतो. मग तो समोर बसलेल्या शेकडो अनोळखी माणसांचा कसा होतो? भट्टनायक या जुन्या संस्कृत साहित्यशास्त्रकाराने त्याला उत्तर दिले ते साधारणीकरणाचे. नाट्याच्या सामर्थ्याने तो शोक अमुक एका माणसाचा, अमुक एका प्रसंगाचा राहत नाही. ‘माझा’ आणि ‘परक्याचा’ ही कुंपणे गळून पडतात आणि भावना सर्वांसाठी खुली होते. राजकारणात हे काम भाषण करते, छायाचित्र करते, घोषणा करते. एका घरातली घटना सगळ्यांची होते ती अशीच. फरक एवढाच की, नाटक संपल्यावर प्रेक्षक घरी जातात. राजकारणातला पडदा पडत नाही आणि त्या भावनेच्या जोरावर कायदे होतात, तुरुंग भरतात, सरकारे पडतात.

भावना आंधळी नसते

‘भावनेच्या आहारी जाऊ नका, विचार करा’ हा सल्ला आपण सर्रास देतो. त्यामागे एक समजूत आहे : विचार एका बाजूला, भावना दुसऱ्या. ही समजूत मला पटत नाही आणि ती जुन्या जाणकारांनाही पटलेली नव्हती. ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच दाखवले होते की, रागात एक विधान दडलेले असते : माझा किंवा माझ्या माणसाचा अवमान झाला आणि तो व्हायला नको होता. ज्याला हे विधान पटत नाही त्याला राग येत नाही. भीतीतही एक विधान असते की, संकट जवळ आले आहे. लाज म्हणते, जे करायला नको होते ते आपण केले. म्हणून भावनेशी वाद घालता येतो. ‘तुझा राग चुकीचा आहे, तसे घडलेच नाही’ असे म्हणता येते. पोटदुखीला असे कोणी म्हणत नाही.

याचा राजकीय अर्थ मोठा आहे. एखादा समाज चिडला असेल तर तो चिडलाच कसा, हा प्रश्न फारसा कामाचा नाही. त्या रागात कोणते विधान आहे, ते खरे आहे का, आणि तो राग कोणाकडे वळवला जातो आहे, हे प्रश्न विचारायला हवेत.

ॲरिस्टॉटलनेच आणखी एक भेद केला आहे, तो आजही धडकी भरवतो. राग येतो तो विशिष्ट माणसावर, त्याने काही केले म्हणून. द्वेष मात्र एका अख्ख्या वर्गाचा करता येतो. राग काळाने निवतो, द्वेष निवत नाही. रागावलेल्याला वाटते की समोरच्यालाही दुःख कळावे. द्वेष करणाऱ्याला वाटते की समोरचा नसावाच.

रागाचे द्वेषात रूपांतर मुद्दाम करता येते. आफ्रिकेतल्या रवांडात १९९३ साली सुरू झालेल्या एका खासगी रेडिओ केंद्राने लोकप्रिय संगीत आणि हलक्याफुलक्या गप्पांच्या जोडीला तिथल्या अल्पसंख्य तुत्सी समाजातल्या लोकांना ‘झुरळे’ म्हणणे रोजचे करून टाकले. एप्रिल १९९४ मध्ये कत्तली सुरू झाल्या आणि सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. हे सगळे एकट्या रेडिओमुळे घडले असे म्हणणे चूक ठरेल. त्यामागे शस्त्रे होती, सैन्य होते, याद्या होत्या, स्थानिक अधिकाऱ्यांचे हुकूम होते आणि ‘नाही म्हटले तर आपलाच जीव जाईल’ ही धास्तीही होती. पण शेजाऱ्याला शेजारी म्हणून पाहायची नजर आधी पुसावी लागली होती आणि ते काम शब्दांनी केले. झुरळ म्हटले की राग येत नाही, किळस येते. किळस आली की बोलणे संपते, कारण झुरळाशी कोणी वाद घालत नाही. भाषणातला ‘अन्याय’ हा शब्द जाऊन त्या जागी ‘घाण’, ‘कीड’, ‘वाळवी’ असे शब्द येऊ लागले की, आपण कोणत्याही देशात असलो तरी कान टवकारावेत.

गर्दीविषयी एक जुना गैरसमज

सामूहिक भावना म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर बेभान जमाव उभा राहतो. त्याचे बरेचसे श्रेय फ्रेंच लेखक गुस्ताव्ह ल बॉन यांना जाते. गर्दीत शिरले की माणसाची बुद्धी विरघळते आणि तो रानटी होतो, असे त्यांनी १८९५ साली मांडले आणि पुढच्या अनेक पिढ्यांनी ते प्रमाण मानले. राज्यकर्त्यांना हे फार सोयीचे होते. लोक रस्त्यावर उतरले की त्यांचे म्हणणे ऐकायची गरजच उरत नाही, त्यांना फक्त आवरायचे.

प्रत्यक्षात काय घडते? ७ जुलै २००५ रोजी लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि एका बसमध्ये स्फोट झाले. ५२ निरपराध माणसे गेली. जमिनीखाली, अंधारात, धुरात शेकडो अनोळखी माणसे अडकली. ल बॉन यांच्या हिशेबाने तिथे चेंगराचेंगरी व्हायला हवी होती. नंतर मानसशास्त्रज्ञांनी वाचलेल्यांच्या मुलाखती आणि लेखी आठवणी तपासल्या तेव्हा स्वार्थी वागणुकीचे प्रसंग अगदी थोडे निघाले आणि एकमेकांना मदत केल्याचे भरपूर. लोकांनी अनोळखी जखमींच्या जखमा बांधल्या, पाणी दिले, धीर दिला. डब्यात चढताना ते एकमेकांकडे बघतही नव्हते. ‘आपण सगळे एकाच संकटात आहोत’ या जाणिवेने काही मिनिटांत त्यांचा एक समूह केला. भीती सामायिक झाली आणि तिने माणसे जोडली.

गर्दीत माणूस ‘मी’ हरवतो हे खरे नाही. तो ‘मी’कडून ‘आपण’कडे सरकतो, आणि पुढे काय होणार हे त्या ‘आपण’ची मूल्ये काय आहेत यावर ठरते. दंगलखोर जमाव आणि मदत करणारा जमाव यांच्यात भावनेची तीव्रता सारखीही असू शकते.

कोणाला रडायची परवानगी आहे?

प्रत्येक समाजात भावनांचे अलिखित नियम असतात. कोणी कुठे रडावे, कोणाचा राग ‘करारीपणा’ ठरावा आणि कोणाचा ‘थयथयाट’, कोणत्या मृत्यूवर ध्वज खाली यावा आणि कोणता एका ओळीच्या बातमीत संपावा. सत्तेचे हे रूप चटकन दिसत नाही, कारण ते आपल्याला ‘रीत’ वाटते.

अर्जेंटिनात १९७६ साली लष्कराने सत्ता घेतली. हजारो तरुण-तरुणी घरातून, रस्त्यातून उचलले गेले आणि परत आले नाहीत. मानवी हक्क संघटना हा आकडा ३०,००० सांगतात. सरकार सांगत होते की, आम्हाला काही ठाऊक नाही. मृतदेह नाही, त्यामुळे अंत्यविधी नाही. अंत्यविधी नाही, त्यामुळे शोक करण्याचा अधिकार नाही. प्रत्येक आई आपापल्या घरात एकटी. ३० एप्रिल १९७७ रोजी अशा चौदा स्त्रिया ब्यूनोस आयरिसमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोरच्या प्लाझा दे मायो या चौकात जमल्या. घोळका करून उभे राहायला बंदी होती. पोलीस म्हणाले, थांबू नका, चालत राहा. मग त्या दोघी-दोघींनी चौकात फेऱ्या घालू लागल्या. पुढे दर गुरुवारी त्या येत राहिल्या. एकमेकींना ओळखता यावे म्हणून त्यांनी डोक्याला पांढरे कापड बांधले. सुरुवातीला ते बाळाच्या लंगोटाचे कापड होते. सत्ताधाऱ्यांनी त्यांना वेड्या बायका म्हटले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांच्यातल्या तिघींनाच पळवून नेऊन मारण्यात आले. तरी फेऱ्या थांबल्या नाहीत.

या गोष्टीपाशी मी नेहमी रेंगाळतो. त्या स्त्रियांकडे पक्ष नव्हता, पैसा नव्हता, शस्त्र तर नव्हतेच. त्यांच्याकडे फक्त दुःख होते आणि तेही प्रत्येकीचे वेगळे. चालता चालता ‘माझा मुलगा कुठे आहे’ या प्रश्नाचा ‘आमची मुले कुठे आहेत’ हा प्रश्न झाला आणि काही वर्षांनी देश विचारू लागला, ‘आपली मुले कुठे आहेत?’ ‘मी’, ‘आम्ही’, ‘आपण’ हा प्रवास मला दुसरीकडे इतका स्वच्छ दिसलेला नाही.

तो नेहमी जमतोच असे नाही. ७ डिसेंबर १९७० रोजी पश्चिम जर्मनीचे चान्सलर विली ब्रांट वॉर्सातल्या ज्यू वस्तीच्या स्मारकापुढे फूल वाहायला गेले आणि अचानक ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसले. ते स्वतः नाझीविरोधी होते आणि त्या काळात परागंदा झालेले होते. म्हणजे अपराध त्यांचा नव्हता, लाज मात्र त्यांनी आपल्या देशाच्या वतीने उचलली. जर्मनीत लगेच एक जनमत चाचणी झाली. ४१ टक्के लोकांना ते योग्य वाटले, ४८ टक्क्यांना अतिरेकी. लाज सामायिक व्हायला राग किंवा आनंद यांच्यापेक्षा फार जास्त वेळ लागतो. ती कोणाला नकोच असते.

आजच्या पडद्यावरच्या जगात तर वेळ हीच गोष्ट कमी आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वादग्रस्त राजकीय विषयांवरचे पाच लाखांहून अधिक ट्वीट तपासले गेले. ‘लाजिरवाणे’, ‘अधर्म’, ‘द्वेष’ अशा जातीचा, नैतिकता आणि भावना दोन्ही असलेला प्रत्येक जास्तीचा शब्द त्या संदेशाचा प्रसार सुमारे २० टक्क्यांनी वाढवत होता. पण तो प्रसार बहुतांशी आपल्याच गोटात होत होता, पलीकडच्या गोटात तेवढा नाही. अशा वेळी शब्द चढत जातात ते ‘आम्ही’ घट्ट करण्यासाठी, आणि ‘आपण’पर्यंत पोचायची वाट अरुंद होते. बिचाऱ्या चिंतेला तर इथे जागाच नाही. राजकीय मानसशास्त्र सांगते की, चिंता वाटणारा माणूस थांबतो, माहिती शोधतो, मत बदलायला तयार असतो, तर संतापलेला माणूस आपल्या जुन्या भूमिकेला अधिक घट्ट धरतो.

तरी नेता काय बोलतो याने फरक पडतो. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत एका बंदूकधाऱ्याने ५१ जणांना मारले. बळी गेलेल्यांपैकी अनेक जण स्थलांतरित होते. पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न त्या दिवशी त्यांच्याबद्दल बोलताना इंग्रजीत तीन छोटे शब्द म्हणाल्या. त्यांचे मराठी होते, ‘ते म्हणजे आपणच’. संतापाला वाट हवीच होती. ती शस्त्रांच्या कायद्याकडे निघाली आणि महिन्याभरात संसदेने लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घातली. ११९ मते बाजूने, १ विरोधात.

आणि ज्या सामायिक भावनेचे सगळे कौतुक करतात तिच्याकडेही नीट पाहायला हवे. बाल्टिक समुद्राकाठचा छोटा देश एस्टोनिया सोव्हिएत संघात होता तेव्हा तिथल्या लोकांकडे स्वतःचे म्हणावे असे फार थोडे उरले होते. गाणे होते. १८६९ पासून तिथे गीत महोत्सव भरत आले होते. १९८८ च्या उन्हाळ्यात राजधानी टालिनच्या गीत मैदानावर लोक रात्र रात्र जमून, बंदी असलेली गाणी गाऊ लागले. २३ ऑगस्ट १९८९ रोजी एस्टोनिया, लात्विया आणि लिथुआनिया या तिन्ही देशांतल्या सुमारे वीस लाख माणसांनी हातात हात घालून सहाशे किलोमीटरहून लांब साखळी केली. हिटलरचा जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांच्यातल्या ज्या गुप्त कराराने त्यांचे स्वातंत्र्य गेले त्याला त्या दिवशी पन्नास वर्षे झाली होती. ऑगस्ट १९९१ मध्ये एस्टोनिया स्वतंत्र झाला, जवळजवळ रक्त न सांडता.

मग नागरिक कोण, हे ठरवायची वेळ आली. १९४० च्या आधीच्या नागरिकांना आणि त्यांच्या वंशजांना नागरिकत्व मिळाले. सोव्हिएत काळात येऊन राहिलेल्या, बहुतांशी रशियन बोलणाऱ्या लोकांना आधी एस्टोनियन भाषेची परीक्षा द्यावी लागणार होती. १९९२ साली देशातले सुमारे एक तृतीयांश रहिवासी कोणत्याच देशाचे निश्चित नागरिक नव्हते. त्यांतल्या कित्येकांचा जन्मच तिथला होता. ज्या गाण्याने एका लहान राष्ट्राला उभे केले, त्यातला ‘आपण’ यांच्या कानी ‘आम्ही’ म्हणून पडला असणार. एस्टोनियनांची भीतीही खोटी नव्हती. देशोधडीला लावलेली माणसे, दाबलेली भाषा हे सगळे ताजे होते. दोन खऱ्या भावना समोरासमोर होत्या आणि कोणत्याही गाण्यात दोन्ही मावत नव्हत्या. दोन्हींना जागा करून देण्याचे काम पुढची वर्षे कायद्यातल्या छोट्या छोट्या दुरुस्त्यांनी केले. निश्चित नागरिकत्व नसलेल्यांचे प्रमाण हळूहळू दहा टक्क्यांच्या खाली आले. १ जानेवारी २०१६ पासून अशा आईवडिलांच्या पोटी तिथे जन्मलेले मूल जन्मतःच एस्टोनियाचे नागरिक मानले जाते. त्यासाठी आईवडिलांना अर्ज करावा लागत नाही.